स्वतःच्या विनंतीवरून

हॅलो?… हॅलो, कोण?… ठके, तू होय? अगं मोठ्यानं बोल, फोन स्पीकरवर टाकलाय. डोक्याला कलप लावून बसलेय, कानापर्यंत माखलेय नुसती.

…हस, हस. साठीला आलीस की तुलाही कळेल.

…छे गं, कामात कसली. पाऊण तास नुसतं बसून राहायचं. तुझे काका समोर घड्याळ घेऊन बसलेत, मी जशी काही परीक्षेलाच बसलेय… अहो, ठकी आहे, दादाची. टीव्ही जरा बारीक करा… हं, बोल. पण तू या वेळेला कशी? दुपारी दोनला तुमचे फोन कपाटात जमा असतात ना?

…परवानगी काढून? कुणाची?… खुद्द कर्नलसाहेबांची? अरे वा. म्हणजे एकतर बढती आहे, नाहीतर भानगड आहे.

…बदली?… कुठे?… अगं मग हे असं पडक्या आवाजात काय सांगतेस? तिथून घरी दोन तासांत पोचशील. वहिनीला सांगितलंस? दादा तर तुझी खोली आजच झाडायला घेईल.

…का नाही सांगितलंस?

…थांब, थांब. तुला तिथे जाऊन सात महिनेही झाले नाहीत. हे बघ, एकवीस वर्षं मी लष्कराच्या कार्यालयात बदल्यांचं टेबल सांभाळलंय. सातव्या महिन्यात बदली मागूनसुद्धा मिळत नाही, आणि न मागता कुणी हातात आणून देत नाही. काय झालंय?

…कसली तक्रार?… तू केलीस?… कुणाविरुद्ध?

…अहो, टीव्ही बंदच करा.

…कुठला सार्जंट?… हं, गाडी शिकवणारा. ती क्रेनची मोठी गाडी, बिघडलेल्या गाड्या ओढून आणणारी. हो, हो, फोटो पाठवला होतास, चाक तुझ्या खांद्याएवढं… हं… हं… गिअर बदलायला शिकवतो म्हणून हातावर हात. हं… मग गुडघ्यावर… एकदाच?… नाही. हं.

…आणि मेसेज. ते ठेवलेस ना?… शाबास. पुसू नकोस.

…"परीक्षेत पास कोण करतं ते लक्षात ठेव." असं म्हणाला?… सरळ?… हं.

…लेखी दिलीस तक्रार? कधी?… आठ दिवस झाले?… आणि आठ दिवस तू एकटीच… नाही, दादाला नाही सांगितलंस ते एका अर्थी बरंच. तो येऊन तुमच्या गेटवर ठाण मांडून बसला असता. पण मला तरी गं… बरं, बरं. नाही बोलत. आता सांगितलंस ना.

…जेवलीस का?… काहीतरी म्हणजे काय?… बरं.

…आत्ता कुठे आहेस? आजूबाजूला कोण आहे?… साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर. बरं. आणि साहेब काय म्हणाले, नीट बोलले ना? उभं करून झापलं नाही ना?… बसायला सांगितलं. पाणी दिलं. "माझ्या मुलीसारखी आहेस" म्हणाले. हं… कोण साहेब आहेत गं तुमचे? नवीन आलेत का?… उंच? डाव्या भुवईवर जुनी खूण?… आणि अक्षर कसं, मोत्यांच्या दाण्यांसारखं?

…अगं ते तर आमचे मोतीसाहेब. कॅप्टन होते तेव्हा दोन वर्षं आमच्या कार्यालयात होते. सरकारी पत्र कसं लिहायचं ते मी शिकवलंय त्यांना. पहिलं पत्र लिहिलं तेव्हा तीन पानं झाली होती, मी खोडून सहा ओळींवर आणलं. माणूस अगदी सज्जन, ठके. तुझं वाईट व्हावं असं त्यांच्या मनात यायचं नाही.

…मग झालं तर. ते म्हणतात तर घे बदली. तो माणूस रोज डोळ्यांसमोर, त्यापेक्षा घराजवळ. दादाच्या हातचं… वहिनीच्या हातचं खाशील, नीट झोपशील. हो, मला कळतंय ना, तुला वाटत असेल आपण पळालो. पळणं कसलं त्यात? शहाणपणा आहे.

…सही करायची आहे? कशावर?… किती वाजेपर्यंत?… हो, चारला डाक निघते, त्याच्याआधी. साहेबांनी स्वतः कपाटातून काढून दिला कागद? बरं. तुझ्या हातात आहे ना? वाचून दाखव. सावकाश वाच, घाई नाही.

…"मी, खाली सही करणारी"… हं… "घरगुती अडचणींमुळे"… हं… कसल्या घरगुती अडचणी गं? आम्हा कुणालाच ठाऊक नाहीत… बरं, पुढे वाच.

…

…थांब, ठके. वाचू नकोस. पुढचं मी सांगते, तू कागदावर बघ.

"माझी बदली मी स्वतःच्या विनंतीवरून मागत असून त्यासाठी माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बदलीनंतर या ठिकाणची माझी कोणतीही बाब शिल्लक राहणार नाही." मग एक ओळ मोकळी. आणि शेवटी, "वरिष्ठांनी दाखवलेल्या आपुलकीबद्दल मी आभारी आहे."

…आहे ना?… शब्दाला शब्द?

…अहो, हा स्पीकर बंद कुठून होतो?… हे दाबू?… लागू दे कलप कानाला, लागला तर लागला. तुम्ही जरा आत जाता का? पाच मिनिटं… हो, घड्याळ न्या बरोबर.

…हं. आता फक्त मीच ऐकतेय. ठके, तो मजकूर मी लिहिलाय.

…मी म्हणजे मीच. तुझी आत्या. टाईप केला नाही नुसता, शब्द माझे आहेत.

…अगं ऐक ना. आधी ऐक, मग विचार… सतरा वर्षं झाली असतील. आमच्याकडे टेलिफोनवर एक मुलगी होती, तुझ्याच वयाची. तिच्या वरचा अधिकारी तिला त्रास द्यायचा. काय त्रास ते मी विचारलं नाही, आणि तिनंही सांगितलं नाही, आमच्यात ती पद्धतच नव्हती. तिनं अर्ज दिला. तो अर्ज पुढे पाठवायचा तर त्याच अधिकाऱ्याच्या टेबलावरून जाणार. सगळे गप्प. मग मोठ्या साहेबांनी मला बोलावलं, म्हणाले, बाई, मुलगी चांगली आहे, तिला इथून सुखरूप काढा, बभ्रा नको. मी रात्रभर… नाही, रात्रभर नाही, उगाच मोठेपणा कशाला. दुपारच्या चहानंतर बसले आणि अर्ध्या तासात तो मजकूर तयार केला. इतका चांगला जमला की मोठे साहेब म्हणाले, याच्या प्रती काढून ठेवा.

…हो. तेव्हापासून चालू आहे. मोतीसाहेबांना मीच दिली असणार प्रत. ते बदलून निघाले तेव्हा सगळ्या नमुन्यांची एक फाईल करून दिली होती त्यांना, भेट म्हणून. वर फीत बांधून.

…ऐक, ठके, त्यात काय होतं ते तुला कळायला हवं. तू सही केलीस की तो कागद वर जातो. वर काय दिसतं? मुलीनं घरच्या अडचणीसाठी बदली मागितली, मिळाली, ती खूश आहे. मग तुझी तक्रार काढतात, आणि तिच्यावर शेरा पडतो, "तक्रारदार या ठिकाणी उपलब्ध नाही. प्रकरण बंद." तो शेराही माझाच. एका ओळीत बसतो, रबरी शिक्का करून घेतला होता त्याचा.

…नाही, नाकारलेली नाही दाखवत. नोंदच होत नाही. वर्षाच्या शेवटी वरून विचारणा यायची, अशा किती तक्रारी प्रलंबित? मी लिहायची, निरंक. दर वर्षी निरंक. बक्षीस मिळायचं आमच्या कार्यालयाला, शिस्तीचं.

…हो, पुढच्या ठिकाणी काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नाही, असं म्हण. अगं, सात महिन्यांत बदलून आलेली मुलगी म्हटलं की तिथले लोक काय समजणार? हिचंच काहीतरी असणार. एकदा पाठ फिरली की कुजबूज. ती टेलिफोनवाली वर्षभरात नोकरी सोडून गेली. तिचा राजीनामासुद्धा माझ्याच टेबलावरून गेला. मी शिक्का मारला, आवक क्रमांक घातला.

…भेटली ना. म्हणून तर सांगतेय. सहा वर्षांपूर्वी, चष्म्याच्या दुकानात. काउंटरच्या पलीकडे उभी होती. मी ओळखलं नाही, तिनं ओळखलं. माझ्या नाकावर चष्मा नीट बसवला, कानामागची काडी वाकवून दिली, सगळं शांतपणे. आणि मग म्हणाली, "बाई, माझी विनंती तुम्ही फार छान लिहिली होती. मी ती केलीच नव्हती."

…मी? पावती घेतली आणि बाहेर आले.

…आणि त्यानंतरही दोन केले. हो. त्यानंतरही. एक दवाखान्यातली, एक नकाशे काढणारी. तू विचारायच्या आत मीच सांगितलं.

…किती? नऊ. सगळ्या मिळून नऊ.

…ठके, हे बघ, सही करायची नाही. पेन खाली ठेव. खिशात ठेव, खाली नको, खाली ठेवलं की कुणीतरी उचलून हातात देतं. तू आत जा, साहेबांना ताठ सांग, मी सही करत नाही. मग लगेच बाहेर ये आणि मला फोन कर. मग मी सांगते तसा एक अर्ज लिही. वर तारीख, उजवीकडे…

…काय?

…हं.

…नाही, बोल. बोल, पुरतं बोल.

…खरंय. साहेब म्हणतात कर, आत्या म्हणते करू नकोस. पाच मिनिटांपूर्वी मीच म्हणत होते घे. हो. खरंय ते.

…खरंय गं बाई. चुकलं. सवय आहे, दुसऱ्याचा अर्ज दिसला की माझा हात शिवशिवतो.

…बरं, मी गप्प बसते. तू सांग. आठ दिवस काय चाललंय तिथे? आणि त्या गाडीत काय झालं तेही. मघाशी मी नुसतं हं हं केलं आणि कागदाकडे धावले. आता नीट सांग. सांगावंसं वाटत असेल तर.

…आहे वेळ. चारला दीड तास आहे.

…हं.

…हं.

…तू दार उघडून उतरलीस? चालत्या गाडीतून?… हळू होती. तरी पण… लागलं नाही ना?… बरं.

…हं… आणि बाकीची मुलं?… जेवायच्या टेबलावर तुझ्या शेजारच्या दोन खुर्च्या रिकाम्या राहतात. हं. कोणी काही बोलत नाही, नुसतं ताट उचलून पलीकडे… हं. त्यांना वाटतं सार्जंटला धक्का लागला तर सगळ्यांचाच कोर्स अडकेल… मला माहीत आहे ते. अगं, आमच्याकडे टेलिफोनवालीशी मीसुद्धा दोन आठवडे चहाला बसले नव्हते. कुणी सांगितलं नव्हतं मला. आपोआप झालं.

…रडून घे. कुणी बघितलं तर बघितलं. बाकावर बसून रडायला बंदी नाही, मी सगळे नियम वाचलेत.

…हसलीस. बरं झालं.

…आता मला सांग, तुला काय हवंय?… नाही, साहेबांना बरं वाटावं म्हणून नाही. दादासाठी नाही. मला प्रायश्चित्त मिळावं म्हणूनही नाही, माझं मी बघेन. तुला घरी यायचं असेल तर ये. खरंच ये. नाव ठेवणाऱ्याची जीभ मी उपटीन. पण तुझ्या मनातून सांग.

…हं… सोमवारी परीक्षा आहे. दुसऱ्या परीक्षकासमोर द्यायची आहे… हं. ती गाडी चालवायची आहे. पास झालीस तर तुमच्या तुकडीत ती गाडी चालवणारी पहिली मुलगी तू… आणि नापास झालीस तर?… तर स्वतःच्या चुकीनं व्हायचंय. छान. हे छान बोललीस.

…आणखी?… कोण नवी मुलगी?… परवा हजर होणार. आणि तिला तोच शिकवणार?… एकोणीस वर्षांची. हं… तू तिथून गेलीस तर तिला कोण सांगणार. हं.

…म्हणजे तुला राहायचंय.

…घाबरतेस तर खरंच. मीही घाबरतेय. पण तुला कायदा माहीत आहे का? नियम, नियम गं. माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक परिपत्रक आलं होतं, अडतीस पानांचं. अशाच प्रकरणांसाठी, सगळं नव्यानं. सहावं प्रकरण. तक्रार करणाऱ्याला हलवायचं नाही, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिच्यावरच्या कामातून बाजूला करायचं. तक्रार तीन दिवसांत बाहेरच्या अधिकाऱ्याकडे, त्याच साखळीतून वर नाही. तुकडीच्या प्रमुखानं मध्ये पडून मिटवायचं नाही. आणि बदलीच्या अर्जामुळे तक्रार बंद होत नाही.

…नाही ना सांगितलं कुणी? कसं सांगणार? प्रत्येक तुकडीला गेलं ते, पाकिटं मीच भरली. आमच्याकडे सगळ्या अधिकाऱ्यांनी त्यावर "पाहिले" म्हणून सही केली आणि मी ते फाईलला लावलं. कुठल्या फाईलला माहीत आहे? "किरकोळ". तुमच्या कारकुनालाही तिथेच बघायला सांग. शंभर टक्के तिथेच असणार, आम्ही सगळे एका मातीचे.

…काय झालं? कोण आलं?

…साहेब? उठून उभी राहा. फोन कट करू नकोस… माझ्याशी बोलायचंय? तू सांगितलंस का मी कोण ते?… दे. दे त्यांना.

…नमस्कार साहेब… हो, मीच… तब्येत बरी आहे, गुडघे सोडले तर. बाईसाहेब बऱ्या आहेत ना?… हो, माझी भाची. भावाची मुलगी… आहेच हुशार. तुमची शिपाई आहे.

…साहेब, कागद मला वाचून दाखवला तिनं. ओळखीचा वाटला.

…हो, हो, माझ्याच फाईलमधला. एवढी वर्षं जपून ठेवलीत… साहेब, रागावणार नसाल तर एक सांगते. रागावलात तरी सांगणार आहे. तो कागद वापरू नका.

…तुमचा हेतू चांगलाच आहे. माझाही होता.

…परिपत्रक, हो, तेच. पाहिलंत ना? पाहिलं म्हणून सही असेल तुमची. वाचलंत का?… नाही, साहेब, मी टोचून बोलत नाहीये. मीही वाचलं ते निवृत्त झाल्यावर. घरी आणलेल्या रद्दीत एक जादा प्रत निघाली. आधी वेळच मिळाला नाही, पाकिटं भरत होते.

…आठ दिवस झाले. तीन दिवसांत पाठवायचं होतं.

…हो, सार्जंट उत्तम शिकवतो, ते खरं असेल. त्याच्या हाताखाली दोनशे ड्रायव्हर तयार झाले, तेही खरं असेल. बायकोमुलं आहेत. सगळं खरं, साहेब. ते बाहेरच्या अधिकाऱ्याला सांगा, तो लिहून घेईल. फाशी द्या असं कुठे म्हणतेय मी? त्याचं ऐकून घेतील, हिचंही ऐकून घेतील. तोवर तो हिच्या गाडीत बसणार नाही, आणि परवा येणाऱ्या मुलीच्याही नाही. एवढंच आहे सहाव्या प्रकरणात.

…तुकडीचं नाव. हो… साहेब, नऊ जणींच्या वेळी मी तुकड्यांची नावं राखली. एकाही नावाला डाग पडला नाही. त्या नऊतल्या सहा जणी आज वर्दीत नाहीत. मला माहीत आहे, कारण त्यांचे जायचे कागदही माझ्याच टेबलावरून गेले.

…नऊ, हो. त्यातल्या दोघींच्या अर्जावर तुमची शिफारस आहे, पुढे दुसऱ्या तुकडीवर असताना पाठवलेली. आठवत असतील… एक दवाखान्यातली. हो, ती. हसरी होती, बरोबर… नाही, साहेब, नाही माहीत कुठे असते.

…काय, साहेब?… पाणी?

…हं.

…घ्या, पाणी घ्या. मी थांबते.

…हो. तुमच्यावर ठपका येऊ शकतो. माझ्यावरही येईल. येऊ दे. तुम्हीच म्हणायचात ना, ज्याच्या हातून झालं त्यानं पुढे यावं, असं परेडला सांगायचात पोरांना. आवाज अख्ख्या मैदानात जायचा.

…नाही, तिला धीर द्यायची गरज नाही. तिला "मुलीसारखी" म्हणू नका, एवढं करा. मुलीला आपण घरी पाठवतो. ती शिपाई आहे, तिची सोमवारी परीक्षा आहे.

…काय लिहायचं? नवा नमुना नाही माझ्याकडे, साहेब. नमुने पुरे झाले. साधं लिहा. सहा ओळी पुरतात, तुम्हाला माहीत आहे… बरं, लिहून घेता? लिहा. "सोबत तक्रार मूळ स्वरूपात पाठवत आहे. ती आठ दिवसांपूर्वी माझ्याकडे आली. पाठवायला पाच दिवसांचा उशीर झाला, तो माझ्याकडून झाला. संबंधित सार्जंटला आजपासून शिकवण्याच्या कामावरून बाजूला ठेवलं आहे. सोमवारच्या परीक्षेसाठी बाहेरचा परीक्षक मागवला आहे." झालं?… हो, उशिराचं वाक्य ठेवाच. तेच वाचून ते बाकीच्यावर विश्वास ठेवतील.

…आणि शेवटची ओळ. "तक्रारदार याच ठिकाणी हजर आहे."

…हो, साहेब. इतकंच. पूर्णविराम.

…तुमचं अक्षर अजून तसंच आहे ना? मग टाईप करू नका. हातानंच लिहा, चारच्या डाकेत जाऊ दे… बरं. बरं, साहेब. नाही, आभार कसले. तिला फोन द्या.

…ठके?… गेले आत? दार लावलं?… लिहायला बसले. काचेतून दिसतायत? चष्मा लावला का? मग खरंच लिहितायत.

…अगं, मला काय विचारतेस, जमेल की नाही. मला नाही माहीत. खुर्च्या अजून काही दिवस रिकाम्याच राहतील. तो सार्जंट गप्प बसेल असंही नाही. कदाचित चौकशीत तुला दहादा तेच तेच सांगावं लागेल. मला रोज फोन कर. दादाला मी सांगेन… हो, मीच. आज संध्याकाळी जाऊन. गेटवर येऊ देत नाही त्याला, काळजी करू नकोस. आधी त्याला बसवीन, मग सांगेन.

…काय गं?… तो बदलीचा अर्ज? अजून तुझ्याच हातात आहे?

…नाही. फाडू नकोस… अगं ऐक ना, फाडायचा नाही. कोराच आहे ना? सही नाही ना कुठे? मग तो घडी घालून ठेव. चौकशीला बाहेरचा अधिकारी येईल ना, त्याच्या हातात दे. म्हणावं, हा कागद सतरा वर्षं फिरतोय. माझ्या आधी नऊ जणींच्या हाती गेलाय. त्या नऊ जणींची यादी मी पाठवते, आजच लिहून काढते. मला सगळ्या आठवतात, कोण कुठे कामाला होती तेसुद्धा.

…हो, मी येईन. बोलावलं की येईन. न बोलावता तरी येईन.

…नाही गं, पेन्शनला काय धाड भरलीय. आणि झालं काही तर झालं.

…थांब, पेन आहे ना खिशात? काढ. त्या अर्जाच्या पाठीमागे लिही, "हा मजकूर तयार करणारी". हं… आणि खाली माझं नाव… आत्या नव्हे, वेडे. नाव. माझं, मग काकांचं, मग आडनाव. त्याच्या खाली, "बदली शाखा, मुख्य कारकून, निवृत्त"… पेन्सिलीनं नको, पेननं… लिहिलंस?

…वाच बरं.

…हो. बरोबर आहे.

ठेवते आता.